धुऊन टाकलेला पुरावा

इंजिनावरचा मळ काढायचा तो खाली काय चाललंय ते दिसावं म्हणून, चमक यावी म्हणून नाही. एवढी साधी गोष्ट आपल्याकडच्या बहुतेक गाडीमालकांच्या डोक्यात शिरत नाही, आणि ज्या धंदेवाल्यांना ती पक्की ठाऊक आहे ते तिच्यावरच पैसा करतात. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात कुठल्याही वॉशिंग सेंटरसमोर जाऊन उभं राहा. गाडी रस्त्यावरून तशीच आत येते, इंजिन तापलेलं, बॉनेट वर, आणि पोरगा नोझल सरळ आत धरून जेट मारतो. मालक बाजूला उभा राहून ‘त्या कोपऱ्यात पण मार’ असं सांगत असतो. पैसे मोजून स्वतःची गाडी बिघडवून घेण्याचा हा प्रकार आहे. चाकण-पिंपरीच्या पट्ट्यात, जिथं गल्लोगल्ली गाड्यांच्या कारखान्यात काम करणारी माणसं राहतात, तिथंही हेच चालतं.

टायरमध्ये आपण दोन-सव्वादोन बार हवा भरतो. जेटच्या पंपाचा दाब शंभर बारच्या घरात असतो. ‘कंपनी सगळे कपलर वॉटरप्रूफ देते’ हे वॉशिंगवाल्याचं ठरलेलं उत्तर. काही कपलर खरोखरच कडक चाचणीतून जातात: आयपी-६९-के या चाचणीत ८० अंशांचं पाणी ८० ते १०० बार दाबानं, दहा-पंधरा सेंटिमीटरवरून मारतात. पण ते कोरं सील असतं, आणि एका कोनातून फवारा फक्त ३० सेकंद. आठ-दहा उन्हाळे खाल्लेलं, कडक झालेलं, उंदरानं कुरतडलेलं सील कुठल्याही प्रयोगशाळेनं पास केलेलं नाही. आणि सगळंच काही बंद नसतं. अल्टरनेटरला थंड राहण्यासाठी उघडी जाळीच लागते. स्पार्क प्लग ज्या खोल खळग्यात बसतात, तिथं शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट नसते. दुसऱ्या दिवशी गाडी मिसिंग करायला लागते, चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि मालक भेसळीच्या नावानं पेट्रोल पंपवाल्याला शिव्या घालतो. तापलेल्या बिडाच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर एकदम गार पाणी पडलं तर त्याला तडा जाऊ शकतो, हे तर कुठलाही जुना मेकॅनिक सांगेल. पण त्याला विचारतो कोण?

याहून वाईट आहे तो डिझेलचा फवारा. कॉम्प्रेसरच्या हवेबरोबर डिझेल उडवलं की इंजिन काळंभोर, ओलसर दिसतं आणि गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं. रेडिएटरचे होज पाईप ज्या ईपीडीएम रबराचे असतात, त्याला खनिज तेल अजिबात सोसत नाही. ते फुगतं, मऊ पडतं. इंजिन माउंटिंगच्या रबराचीही तीच गत. भारतीय मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश धरलेला आहे. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात सावलीतलं तापमान त्याच्या वर जातं. अशा हवेत गरम इंजिनावर, वायरिंगच्या जुडग्यांवर, डिझेलचं धुकं उडवणं हा आगीशी केलेला खेळ आहे. उरलेल्या चिकट थरावर आठवड्याभरात दुप्पट धूळ बसते. खाली सांडलेलं काळं पाणी गटारातून नाल्यात आणि नाल्यातून नदीत जातं, आणि त्याला मनाई करणारा कायदा १९७४ पासून अस्तित्वात आहे. फवारा मारणाऱ्या पोराच्या तोंडाला साधं फडकंही बांधलेलं नसतं. त्याला मी दोष देत नाही. त्याला हे काम सांगणारा सेंटरचा मालक आणि त्यासाठी पैसे देणारा गिऱ्हाईक, या दोघांना देतो.

हे काम घरी, हातानं, जवळजवळ कोरडं करता येतं आणि तसंच करायला हवं. सकाळी, रात्रभर थंड झालेल्या गाडीवर. किल्ली काढून खिशात ठेवा, कारण काही गाड्यांचा रेडिएटर फॅन आपोआप सुरू होतो. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर नारिंगी केबलला हातही लावू नका. आधी पाला काढा. गुलमोहराखाली नाहीतर चिंचेखाली गाडी लावणाऱ्यांनी वायपरखालची जाळी उचलून बघावी. तिथली पाणी जायची भोकं पाल्यानं तुंबली की जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी पायाखालच्या मॅटपर्यंत येतं. उंदराचं घरटं असेल तर वाळका पाला, कागद, कापूस एकूण एक उचला. एक्झॉस्टजवळचा तो ढीग पेट घेऊ शकतो.

मग रंगाचा जुना ब्रश घ्या, त्याच्या पत्र्याच्या पट्टीवर टेप गुंडाळा म्हणजे कुठे धातूला धातू लागणार नाही, आणि धूळ झटका. ब्लोअर असेल तर लांबून हलकी हवा. त्यानंतर पाण्यात मिसळणारं डीग्रीझर, तेही इंजिनावर न ओतता फडक्यावर घेऊन. कॉस्टिकवालं काही वापरू नका; ॲल्युमिनियम डागाळतं. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर दहाचा पाना घेऊन आधी निगेटिव्ह सोडा, मग पॉझिटिव्ह. उलट केलंत तर पाना बॉडीला टेकताच शॉर्ट होईल. खायच्या सोड्याच्या पाण्यानं पुसा, कोरडं करा, जोडताना निगेटिव्ह शेवटी. थंड इंजिनावर, फ्यूज बॉक्स आणि अल्टरनेटर नीट झाकून, नळीचं हलकं पाणी मारणारेही आहेत. त्यानं गाडी मरत नाही, हे मान्य. मला त्याची गरज कधी वाटलेली नाही, कारण फडक्यानं पुसताना बोटं जिथं पोहोचतात तिथं पाणी तुम्हाला काहीच सांगत नाही.

आणि सांगण्यासारखं खूप असतं. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगखाली ओला पट्टा दिसला तर पॅकिंग गेलंय. होजच्या टोकाशी गुलाबी किंवा हिरवट वाळका थर असेल तर कूलंट झिरपतंय. ब्रेक ऑइलच्या डब्याखालचा रंग फुगलाय का ते बघा, कारण ते रंग खातं. सगळ्यात बोलकी जागा वॉटर पंपाची. पंपाच्या अंगाला बनवणाऱ्यानं मुद्दाम एक बारीक भोक ठेवलेलं असतं. आतलं सील गळायला लागलं की कूलंट त्या भोकातून बाहेर येतं आणि डाग पडतो. हा डाग दिसावा म्हणूनच ते भोक आहे. पंप पूर्ण जाऊन खंबाटकीच्या चढात इंजिन तापायच्या कितीतरी आधी ही सूचना मिळते, आणि ती वाचायला डोळे लागतात, दुसरं काही नाही. म्हणून पुसून झाल्यावर फोनवर फोटो काढा, आणि आठवड्यानं त्याच जागा पुन्हा बघा. नवा ओला डाग म्हणजे चालू गळती. जेट मारणारा हे सगळं एका फटक्यात वाहवून टाकतो आणि वर सिलिकॉनचा स्प्रे मारून जागेवर चकाकी आणतो. तो स्प्रे बेल्टवर उडाला की बेल्ट घसरतो आणि किंचाळतो, ते वेगळंच.

जुन्या गाड्यांचा बाजार या चकाकीवरच उभा आहे. एक लाख किलोमीटर चाललेल्या गाडीचं इंजिन शोरूममधल्यासारखं काळं चमकताना दाखवतात, आणि बापाच्या प्रॉव्हिडंट फंडातून पहिली गाडी घ्यायला आलेला मुलगा ‘मेन्टेन केलेली दिसते’ म्हणून ॲडव्हान्स देऊन मोकळा होतो. मेन्टेन केलेल्या इंजिनावर थोडी कोरडी धूळ असते आणि ती सगळीकडे सारखी असते. काल-परवा धुतलेल्या इंजिनाबद्दल कुणालाच काही सांगता येत नाही, आणि विकणाऱ्याला तेच हवं असतं. ‘डिटेलिंग’च्या नावाखाली गळती पुसून गाडी विकणं ही फसवणूक आहे, आणि मी तिला दुसऱ्या कुठल्याही नावानं हाक मारणार नाही.

ओळखीतलं कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं की मी सोबत जातो. धुण्याआधीचे फोटो मागतो, ते नसतातच. मग गाडी बाहेर काढायला लावतो, हायवेवर अर्धा तास पळवतो, परत आणून इंजिन चालूच ठेवून एसी लावतो आणि खाली पांढरा पुठ्ठा सरकवतो. एसीचं स्वच्छ पाणी ठिबकेल, ते ठिबकू द्यायचं. तेलाचा किंवा रंगीत कूलंटचा थेंब शोधायचा. शेवटी विजेरी घेऊन वॉटर पंपाच्या त्या भोकाशी डोळा लावायचा. पुठ्ठा बघून विक्रेता घाई करायला लागला, ‘साहेब, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय’ म्हणाला, तर बोलणी तिथंच संपवतो. आणि दुसरं गिऱ्हाईक खरोखरच थांबलेलं असेल, तर बाहेर पडताना त्यालाही कारण सांगून जातो.