टोळीवाल्यांच्या चरित्रात मारल्या गेलेल्यांची बाजू मागा!



मुंबईच्या टोळ्यांवरची पुस्तकं आणि चित्रपट हातोहात खपतात. ते वाचू-पाहू नका, असं आमचं मुळीच म्हणणं नाही. गिरणगावातली बेकारी, खंडणी, सुपाऱ्या, चकमकी हा आपल्या शहराचा इतिहास आहे आणि तो लिहिला गेलाच पाहिजे. पण तो एकतर्फी लिहिला जात असेल, तर आपण गप्प राहता कामा नये.

12 सप्टेंबर 1992 रोजी दाऊद टोळीच्या मारेकऱ्यांनी जे. जे. रुग्णालयात घुसून गवळी टोळीतल्या शैलेश हळदणकरला ठार केलं. दाऊदच्या मेहुण्याच्या खुनाचा बदला म्हणून ही कथा रंगवून सांगितली जाते. पहाऱ्यावरचे दोन पोलीसही त्यात मारले गेले, हे मात्र एका ओळीत उरकतं. टोळीप्रमुख अरुण गवळीला ‘डॅडी’ म्हणतात, हे सर्वांना ठाऊक. ज्यांच्या खुनाबद्दल त्याला 2012 मध्ये जन्मठेप झाली, ते नगरसेवक कमलाकर जामसंडेकर कितीजणांना आठवतात?

असं चरित्र हाती घेतलंत, की तीन गोष्टी तपासा.

1. माहिती कुणाची? भाई आणि त्याच्या माणसांच्याच तोंडची, की निकालपत्रं आणि साक्षींशी ताडून पाहिलेली? चकमकीचं वर्णन केवळ पोलिसांच्या शब्दांवर तर बेतलेलं नाही ना?

2. आरोप आणि सिद्ध झालेला गुन्हा वेगळे ठेवले आहेत का? टोळ्यांविषयी लिहिणारे पत्रकार जे. डे यांची 2011 मध्ये पवईत हत्या झाली. त्याबद्दल 2018 मध्ये टोळीप्रमुख छोटा राजनला जन्मठेप झाली, तर त्याच खटल्यात एक महिला पत्रकार निर्दोष सुटली. आरोपीलाही न्याय हवाच.

3. मारल्या गेलेल्यांना, लुटल्या गेलेल्यांना पुस्तकात नाव आणि घरदार आहे का?

वेळ थोडा आहे. खंडणीचे फोन घेतलेले दुकानदार, जिवावर उदार होऊन साक्ष देणारे शेजारी, निवृत्त हवालदार आता थकले आहेत. त्यांच्या आठवणी आजच नोंदवा. त्यांना नाव उघड करायचं नसेल, तर ते गुप्त ठेवा. घरातली कात्रणं आणि कोर्टाचे कागद रद्दीत घालू नका. ग्रंथालयांनी अशा पुस्तकांवर चर्चा ठेवताना पीडितांच्या कुटुंबीयांनाही सन्मानाने बोलवावं. प्रकाशकांनी आधार छापावेत, आणि ते नसतील तर वाचकांनी पत्र लिहून जाब विचारावा.

आठवणी सांगणारी ही माणसं गेल्यावर चरित्रकारांना सांगायला फक्त टोळीवाले उरतील. तसं होऊ देऊ नका. आजच कामाला लागा.