वरचे दिसते, खालचे बसते

पावसाळा उतरणीला लागला की आपल्या गावागावांतून एक नवे दृश्य दिसू लागते. उन्हाळ्यात मोठ्या हौसेने बसवलेले सिमेंटचे गट्टू पोळ्याच्या सुमारास खचलेले असतात. कुठे परातीएवढा खळगा, कुठे मोटारीच्या चाकांचे दोन लांब चर, तर कुठे कडेची अख्खी ओळच नालीकडे झुकलेली. खळग्यात पाणी साचते, शेवाळ धरते आणि पूजेची फुले तोडायला निघालेल्या आजीचा पाय नेमका तिथेच पडतो. मग घरात, पानठेल्यावर आणि ग्रामपंचायतीत एकच निदान ऐकू येते: गट्टूच हलका निघाला.

हे निदान बहुतेक वेळा चुकीचे असते आणि पुढे महागही पडते, असे माझे म्हणणे आहे. गट्टू फुटला किंवा झिजला तर तो गट्टूचा दोष. पण तो अखंड राहून खाली गेला असेल, तर त्याने फक्त खालची हकीकत वर आणून दाखवली. निरोप्याला बदलून निरोप बदलत नाही.

गट्टूंची फरसबंदी दिसायला फरशीसारखी असली तरी तिची जात रस्त्याची आहे. फरशी सिमेंटच्या मालात पक्की बसते. गट्टू मात्र रेतीवर नुसते मांडलेले असतात. एका गट्टूवर पडलेले ओझे फटींतल्या बारीक रेतीमुळे शेजारच्या गट्टूंवर वाटले जाते, तिथून खालच्या इंच-दीड इंच रेतीवर, तिच्याखालच्या गिट्टी-मुरुमाच्या थरावर आणि शेवटी जमिनीवर जाते. या साखळीत गट्टू ही फक्त वरची कडी. भारतीय मानक ब्यूरोने २००६ साली आय. एस. १५६५८ हे मानक काढले. पायवाटेच्या ५० मिलिमीटरपासून जड वाहनांच्या रस्त्यासाठी १२० मिलिमीटरपर्यंत गट्टूंच्या जाड्या त्यात सांगितल्या आहेत. आपणही दुकानात 'साठ की ऐंशी' एवढे आवर्जून विचारतो. खाली मुरूम किती घालणार, तो किती थरांत दाबणार, पाणी कोणत्या बाजूने काढणार, हे मात्र कुणी विचारत नाही.

भंडारा जिल्ह्यात हे न विचारणे अधिक अंगलट येते. इथल्या शेतकऱ्याने आपल्या मातीला कन्हार, मोरंड, सिहार, खरडी, बरडी अशी वेगवेगळी नावे दिली, ती काही हौसेखातर नव्हेत. कन्हार काळी आणि चिकण. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिचा पाणी धरून ठेवण्याचा गुण धानाच्या बांधीला सोन्यासारखा, पण अंगणाला तोच गुण वैरी. त्यात वर्षाचा सुमारे तेराशे मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ज्या जागेवर पूर्वी रोवणी होत असे, तिथे आज भरण टाकून प्लॉट पाडले जातात, आणि ते भरण एक पावसाळाही न पाहता गट्टूंखाली झाकले जाते.

म्हणून माती वाईट, असे मात्र नव्हे. याच जिल्ह्यातल्या मामा तलावांकडे पाहा. १९५१ साली मालगुजारी संपली आणि हे तलाव 'माजी मालगुजारी' ठरले. पण त्यांच्या पाळी त्याच्या कितीतरी आधी कोहळी समाजाने घातलेल्या. त्या पाळी मातीच्याच आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या पाणी अडवून उभ्या आहेत. मातीला दाबले, मुरवले, तिचे पाणी ओळखले, तर ती आपल्याला दगा देत नाही. दगा देते ती सैल टाकलेली आणि घाईने झाकलेली माती.

माझ्या घरापुढचे अंगण काही वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने एप्रिलमध्ये करून दिले. ऑगस्टमध्ये न्हाणीघराच्या बाजूने हातभर रुंदीचा पट्टा सरळ रेषेत दोन बोटे खाली गेला. ठेकेदार म्हणाला, "साहेब, वरून रेती मारून लेव्हल करून देतो, दिसणार नाही." त्याच्यासोबतचा म्हातारा मिस्त्री उकिडवा बसला, पहारीने दोन गट्टू उचलले आणि म्हणाला, "रेती नोको टाका जी. गट्टू नाही दबला, नालीची माती बसली." सांडपाण्याच्या पाइपासाठी त्यांच्याच माणसांनी खणलेला चर सैल मातीने भरून वर गट्टू मांडले होते. बँकेतल्या सवयीने मी शेवटचा हप्ता दिवाळीपर्यंत राखून ठेवला होता, त्यामुळे पुढचे बोलणे फार लांबले नाही.

त्या मिस्त्रीने जे वाचले ते कुणालाही वाचता येते. सरळ रेषेत खचले असेल तर खाली चर आहे. छताच्या पन्हाळीखाली खचले असेल तर पाण्याने रेती वाहून नेली आहे. कडेला खचले असेल तर कडेला काँक्रीटची पट्टी नाही, किंवा ती सुटली आहे. चाकांखाली दोन चर पडले असतील तर गिट्टी-मुरुमाचा थर कमी आहे. एखादाच गोल खड्डा अचानक पडला तर घुशीचे बीळ शोधावे.

दुरुस्तीही याच क्रमाने करावी. आधी पाण्याची वाट बदलावी. पन्हाळीचे पाणी थेट नालीत जाऊ द्यावे. जमीन वाळू द्यावी. भर पावसात केलेली दुरुस्ती पाण्यातच जाते. मग खचलेल्या भागाच्या पलीकडे फूटभरापर्यंत गट्टू काढावेत, भिजलेली रेती आणि मऊ माती उपसावी, आणि खोली मुरुमाने भरून काढावी. थर चार बोटांचा, थोडे पाणी, वर धुम्मस. मग दुसरा थर. रेतीने खड्डा भरू नये. रेती सगळीकडे सारख्याच जाडीची हवी. भिंतीपासून बाहेरच्या बाजूला मीटरमागे दोन सेंटिमीटर उतार ठेवावा, तेच गट्टू परत मांडावेत आणि फटींत कोरडी बारीक रेती झाडून घ्यावी. फटींत सिमेंटचे पाणी ओतण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. त्याने वरून काम पक्के वाटते, पण खालची पोकळी झाकली जाते आणि पुढच्या खेपेला गट्टू फोडल्याशिवाय निघत नाहीत.

खरे तर गट्टूचा मोठा गुण तो पुन्हा उचलता येतो, हाच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर विटांची टंचाई पडली, तेव्हा नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर विटांच्या जागी काँक्रीटचे ठोकळे आले. तिथली जमीन भुसभुशीत. गौडासारख्या शहरात रस्ते हळूहळू खचतात, म्हणून ते ठराविक काळाने उकलून, खाली भर घालून पुन्हा मांडले जातात. जमीन बसणार हे त्यांनी हिशेबात धरले आहे. आपण ठोकळा घेतला. हिशेब तिथेच राहिला.

घराच्या अंगणापुरते हे झाले तर नुकसान एका कुटुंबाचे. बहुधा निवृत्तीच्या पुंजीतले किंवा मुलाने पाठवलेल्या पैशातले. पण आज गावोगावच्या गल्ल्या गट्टूंच्या झाल्या आहेत आणि तो पैसा सगळ्या गावाचा आहे. गल्ली खचली की तीच गल्ली पुन्हा नव्याने मंजूर होते, नवा फलक लागतो, नवा नारळ फुटतो. उद्‌घाटनाला वरचे दिसते, बिलही वरच्याचेच सहज मोजले जाते. बँकेत घरबांधणीचे कर्ज आम्ही एकरकमी देत नसू. पाया झाला, पाहिला, मग पुढचा हप्ता. पाया एकदा झाकला की नंतर तो तपासता येत नाही, एवढे साधे कारण त्यामागे होते.

हाच नियम गल्लीला लावावा, एवढीच माझी मागणी आहे. मुरुमाचा थर झाकण्याआधी त्याची जाडी चार गावकऱ्यांसमोर मोजली जावी, ती मोजमाप पुस्तिकेत चढावी आणि ग्रामसभेत वाचली जावी. ठेकेदाराच्या दोषदायित्वाच्या काळात निदान दोन पावसाळे बसावेत, आणि तोवर त्याची ठेव परत जाऊ नये. नळाच्या पाइपासाठी गल्ली खोदणाऱ्यानेच चर थराथराने दाबून द्यावा. यासाठी नवा कायदा लागत नाही. कामाच्या तिसऱ्या दिवशी, गट्टूंची गाडी येण्याआधी, तिथे जाऊन उभे राहावे लागते. तेवढी उसंत गावाने काढली नाही, तर दर पोळ्याला गट्टूंना शिव्या घालायला मात्र आपल्याकडे वेळ भरपूर असेल.