जन्मापूर्वीची वेठ

पावसाळा आला की डहाणू-तलासरीच्या कुपोषित बालकांच्या बातम्या छापून येतात, अधिकाऱ्यांचे दौरे होतात, आणि दिवाळीनंतर पाडे ओस पडू लागले की बातम्याही थांबतात. 1992 साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरले होते. 2016 साली मोखाड्याने तीच कहाणी पुन्हा सांगितली. दोन्ही वेळी चर्चा झाली ती दगावलेल्या बालकांची. जी वाचली त्यांच्या शरीराचे पुढे काय होते, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. कष्टकऱ्यांच्या चळवळीच्या दृष्टीने मात्र तोच अधिक मूलगामी आहे.

1944-45 च्या हिवाळ्यात जर्मन फौजांनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली. दिवसाचा शिधा हजार उष्मांकांच्याही खाली गेला. युद्ध संपले, सुबत्ता आली. परंतु त्या काळात मातेच्या उदरात असलेली मुले पन्नाशीला पोचली तेव्हा मधुमेहाकडे झुकलेली प्रकृती त्यांच्यात इतरांहून अधिक आढळली. त्याच 1945 साली, आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी येथे वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. हॉलंडची उपासमार एका हिवाळ्याची होती. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी सावकाराच्या दारी जन्मभर राबणाऱ्या लग्नगड्याच्या बायकोची उपासमार मोजायला कोणी शास्त्रज्ञ आला नव्हता. गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या नेतृत्वाखालील लढ्याने ती प्रथा मोडली हे खरे; पण अर्धपोटी आईच्या पोटी अशक्त मुलगी आणि त्या मुलीच्या पोटी पुन्हा कमी वजनाचे मूल, हा वारसा कोणत्याही ठरावाने मोडत नाही.

याचा पुरावा परदेशातच शोधण्याचे कारण नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व त्यांची मुले यांचा अभ्यास चालविला आहे. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन 2.7 किलोच्या आसपास, म्हणजे इंग्लंडमधील बालकांपेक्षा सुमारे 800 ग्रॅमने कमी भरले. स्नायू व अवयव खुरटलेले, चरबी मात्र त्या मानाने राखलेली. टंचाईशी जुळवून घेतलेले हे शरीर पुढे मधुमेह आणि हृदयविकार यांना लवकर बळी पडू शकते. या अभ्यासातील दोन निष्कर्षांकडे अर्थशास्त्र्यांनीही लक्ष द्यावयास हवे होते. गरोदरपणी दूध, फळे आणि पालेभाज्या अधिक वेळा खाणाऱ्या स्त्रियांची बाळे आकाराने मोठी होती; आणि अधिक कष्टाची कामे करणाऱ्यांची लहान.

म्हणजे प्रश्न केवळ ताटाचा नाही, श्रमाचा आणि मजुरीचाही आहे. आगर हे डहाणूचे किनारपट्टीचे गाव. आगर या शब्दाचा एक अर्थच मुळी बाग असा आहे. या पट्ट्यातील चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले. फळाचे मूळ गाव कायद्याने नोंदले गेले. तेथून पूर्वेकडे तलासरीच्या पाड्यांपर्यंत जावे, तर दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांकडे किंवा गुजरातकडे निघालेली दिसतात. सातव्या महिन्यातील स्त्रीही डोक्यावर विटा वाहते. अंगणवाडीचे दप्तर पाड्यावर राहते, तिचे नाव त्या दप्तरात राहते, ती मात्र तेथे नसते.

2015 साली राज्याने आदिवासी भागासाठी अमृत आहार योजना सुरू केली. एक वेळचे गरम, चौरस जेवण ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु ते सुरू करताना गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने धरले गेले. गर्भाचे अवयव घडतात ते त्याच्या कितीतरी आधी. संघटित क्षेत्रातील स्त्रीला 2017 च्या दुरुस्तीने 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. त्याच वर्षी आलेल्या मातृवंदना योजनेने मजूर स्त्रीला पहिल्या अपत्यापुरते 5000 रुपये देऊ केले. 26 आठवड्यांवर ते पसरले तर दिवसाला साडेसत्तावीस रुपये पडतात. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात किमान 6000 रुपयांचे वचन होते आणि पहिल्या अपत्याची अट नव्हती. वाढवण बंदरासाठी सुमारे 76 हजार कोटी रुपये मंजूर करताना, 2024 साली, कोणाला हात आखडता घ्यावा लागला नाही.

1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभ विधेयकाच्या बाजूने बोलताना डॉ. आंबेडकरांनी मातेच्या विश्रांतीचा प्रश्न राष्ट्रहिताशी जोडला होता. तो कायदा झाला कारखान्यातील स्त्रीसाठी. भट्टीवरची आणि वाडीतली स्त्री आजही त्याच्या बाहेर आहे, आणि याबाबत पुरोगामी पक्षांनाही दोष दिल्यावाचून गत्यंतर नाही. वनजमिनीच्या मोर्चाला हजारो लोक येतात. गरोदर मजूर स्त्रीची बुडालेली मजुरी मात्र महिला आघाडीच्या निवेदनातील शेवटचे कलम असते.

येत्या दिवाळीपूर्वी, टोळ्या भट्टीकडे निघण्याआधी, पाड्यापाड्यावरील गरोदर स्त्रियांची यादी कार्यकर्त्यांनी करावी. प्रत्येकीला गावातच हलके काम अथवा पहिल्या तिमाहीपासून किमान वेतनाइतका भत्ता, आणि स्थलांतर झाले तर भट्टीच्या गावच्या अंगणवाडीत विनाअट आहार, या मागण्या त्या यादीसह तहसीलदारांपुढे ठेवाव्यात. मुकादमांच्या उचली त्या आधीच वाटल्या जातात. म्हणून यादीचे काम दसऱ्याच्या आत पुरे झाले पाहिजे.