समुद्रकाठची वहिवाट

एखाद्या देशाने आपल्या समुद्राशी कोणते नाते राखले आहे हे जाणून घ्यावयाचे असेल, तर त्याच्या राजधानीतील संग्रहालये आणि वर्दळीची स्नानस्थळे पाहण्यापेक्षा उन्हाळ्याच्या दिवसांत एखाद्या लहानशा बंदरगावी जाऊन राहावे, असे माझे मत आहे. डेन्मार्कमध्ये अशी गावे पुष्कळ आहेत. त्या देशाच्या किनाऱ्याची लांबी सात हजार किलोमीटरांहून अधिक भरते आणि देशातील कोणतेही स्थळ समुद्रापासून सुमारे पन्नास किलोमीटरांपेक्षा फारसे दूर नाही. त्यामुळे समुद्रावर जाणे हा तेथे प्रवास नसून नित्याच्या दिनक्रमातला एक भाग असतो. मी ज्या गावाविषयी लिहीत आहे ते एरोस्कोबिंग, फ्यून बेटाच्या दक्षिणेस पसरलेल्या द्वीपसमूहातील एरो नावाच्या बेटावर वसलेले आहे. स्वेनबोर्गच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटली की सव्वा तासात ती या बंदराला लागते, आणि डोलकाठ्यांच्या गर्दीमागून बुटक्या, रंगीत, कौलारू घरांची ओळ दिसू लागते.

संपूर्ण बेटाची वस्ती अवघी सहा हजारांच्या आसपास आहे. अठराव्या शतकातील घरे, गोल धोंड्यांनी जडविलेल्या गल्ल्या आणि घरांच्या भिंतींना बिलगून वाढलेले पुरुषभर उंचीचे हॉलिहॉक यांचे जतन या गावाने इतक्या निष्ठेने केले आहे की, 2002 साली युरोपा नोस्त्रा हा वारसा-संवर्धनाचा सन्मान त्याला प्राप्त झाला. परंतु घरांविषयी अन्यत्र पुष्कळ लिहिले गेले आहे. मला सांगावयाचे आहे ते गावापासून चालत काही मिनिटांवर, समुद्रात शिरलेल्या जमिनीच्या एका चिंचोळ्या पट्टीवर असलेल्या वेस्टरस्ट्रँड या पुळणीविषयी.

कोकणात वाढलेल्या माणसाला तेथे पहिले नवल वाटते ते भरती-ओहोटीच्या अभावाचे. बाल्टिकच्या मुखाशी असलेल्या या समुद्राला भरती येते ती नाममात्र. पाणी वाढते किंवा उतरते ते मुख्यतः वाऱ्याच्या लहरीने. त्यामुळेच पाण्यापासून हाकेच्या अंतरावर लाकडी स्नानकुट्यांची एक ओळ तेथे उभी राहू शकली आहे. एक खोली, एक दार, पुढे बसण्यापुरता ओटा, आणि प्रत्येकीचा रंग निराळा. जुलै महिन्यातही पाणी थंड असते, कारण अठरा-वीस अंशांपलीकडे ते क्वचितच तापते; लाकडी फळ्यांच्या चिंचोळ्या धक्क्यावरून, जो उन्हाळ्यात मांडावयाचा आणि हिवाळ्यापूर्वी काढून ठेवावयाचा अशी पद्धत आहे, वृद्ध स्त्रिया एकेक पायरी उतरत पाण्यात शिरतात, थोडे पोहतात आणि अंगाभोवती पंचा गुंडाळून परततात. मुले लाल रंगाचा जेलीफिश दिसला की मागे सरतात, कारण त्याचे तंतू अंगाला लागले की आग होते, आणि पारदर्शक, निरुपद्रवी जेलीफिश मात्र ओंजळीत घेऊन न्याहाळतात. सूर्य मावळावयास रात्रीचे दहा वाजत येतात, आणि तोपर्यंत कोणी कोणाला हाक मारून बोलावीत नाही, कोणी काही विकावयास येत नाही, कोठे ध्वनिक्षेपक लागत नाही.

या शांततेचे कारण विचारले असता बहुतेक प्रवासी उत्तर देतात की, उत्तरेकडील लोक स्वभावतःच अबोल. हे उत्तर मला मान्य नाही. स्वभावाने माणसे कमी बोलतील. परंतु स्वभावाने कुंपणे टळत नाहीत, किनाऱ्यावर हॉटेलांच्या भिंती उभ्या राहावयाच्या थांबत नाहीत, आणि श्रीमंताच्या बागेसमोरची वाळू सर्वसामान्यांना खुली राहत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी कोपनहेगनच्या उत्तरेकडील किनाऱ्यावर सधन कुटुंबांचे बंगले दाटीने उभे राहत होते आणि सामान्य माणसाला समुद्रापर्यंत पोहोचण्याची वाट उत्तरोत्तर अरुंद होत चालली होती. या पार्श्वभूमीवर 1917 साली डेन्मार्कचा पहिला निसर्गसंरक्षण कायदा मंजूर झाला, आणि किनाऱ्यावर जाण्याचा सार्वजनिक हक्क त्याने प्रस्थापित केला. पुढे 1937 च्या कायद्याने किनाऱ्यापासून 100 मीटरांच्या पट्ट्यात नवे बांधकाम करण्यास मज्जाव केला, आणि 1994 साली ही संरक्षक रेषा, उन्हाळी घरांच्या वसाहती वगळता, सर्वसाधारणपणे 300 मीटरांपर्यंत मागे नेण्यात आली. आज वाळूची मालकी खाजगी असली तरी तेथून पायी चालण्यास, थोडा वेळ बसण्यास आणि पाण्यात उतरण्यास कोणालाही मुभा आहे. मालकाच्या राहत्या घरापासून 50 मीटरांच्या आत मात्र बसू नये वा पोहू नये, एवढी मर्यादा. एप्रिल ते सप्टेंबर या काळात कुत्र्याला दोरी लावूनच फिरवावे, हेही कायद्यानेच सांगितले आहे.

या तरतुदींमध्ये कोठे भव्यता नाही. मालकाचा हक्क काढून घेतलेला नाही आणि लोकांचा हक्क त्याच्या मर्जीवरही सोडलेला नाही. दोघांमधील सरहद्द मीटरांमध्ये मोजून दिली आहे, आणि ती सर्वांना ठाऊक असल्यामुळे तिच्यावरून रोज तंटा करण्याचे प्रयोजन उरत नाही. किनाऱ्यावरची शांतता मला या मोजमापाचे फळ वाटते. ज्याला आपला हक्क निर्विवाद आहे हे माहीत असते तो तो हक्क गाजवावयास येत नाही. तो येतो, पोहतो आणि जातो.

सामायिक हितासाठी खाजगी सोय आवरती घेण्याचा हा संस्कार बंदराला नवीन नाही. धक्क्याजवळ एक बसके जुने स्वयंपाकघर आजही जपून ठेवलेले आहे. लाकडी गलबतांच्या काळात बंदरात नांगरलेल्या जहाजावर विस्तव पेटविण्यास बंदी होती, कारण एका गलबतावरची ठिणगी साऱ्या बंदराला भस्मसात करू शकत असे. म्हणून खलाशांनी जमिनीवर उतरून या घरात आपले अन्न शिजवावे, अशी व्यवस्था गावाने लावून दिली. खलाशांना मनाई केली, पण मनाईबरोबर चूलही दिली. नियम करणाऱ्या प्रत्येक सरकारी खात्याने ही खोली एकदा डोळ्यांखालून घालावी, इतकी ती मला मोलाची वाटते.

तथापि डेन्मार्कची स्तुती करून थांबणे हे सत्याशी प्रतारणा केल्यासारखे होईल. गेल्या दशकात, किनारी भागातील पर्यटनाला चालना मिळावी म्हणून, संरक्षित पट्ट्यात काही प्रायोगिक प्रकल्पांना अपवाद म्हणून परवानगी देण्याचे धोरण तेथील सरकारने स्वीकारले. निसर्गप्रेमी संघटनांनी त्याला कडाडून हरकत घेतली, आणि माझ्या मते ती हरकत सर्वस्वी योग्य होती. कारण अपवादाचे स्वरूपच असे की, पहिला अपवाद दुसऱ्याला पूर्वदाखला म्हणून उपयोगी पडतो, आणि पट्ट्याचे क्षेत्रफळ कागदावर तेवढेच राहूनही त्याची अखंडता नाहीशी होते.

त्याहून गंभीर गोष्ट पाण्याखालची आहे. किनाऱ्यावर वाहून आलेल्या लांब, चिवट, काळपट पात्यांचे ढीग वेस्टरस्ट्रँडवर जागोजाग दिसतात, ते समुद्रगवत. याच गवताने एके काळी गाद्या भरल्या जात आणि लेसो बेटावर घरे शाकारली जात. उथळ पाण्यातल्या या गवताच्या कुरणांत माशांची पिले वाढतात, परंतु गवताला सूर्यप्रकाश हवा. डेन्मार्कच्या भूमीपैकी जवळजवळ साठ टक्के भाग शेतीखाली आहे. शेतांतील खतांचा नायट्रोजन ओढ्यांवाटे समुद्रात उतरतो, शेवाळ माजते, पाणी गढूळ होते, प्रकाश तळापर्यंत पोहोचत नाही, आणि मेलेले शेवाळ तळाशी कुजताना पाण्यातील प्राणवायू शोषून घेते. उन्हाळ्याच्या अखेरीस, वारा पडलेला आणि पाणी तापलेले असताना, फ्यूनच्या दक्षिणेकडील याच समुद्रात तळाचा प्राणवायू वारंवार संपुष्टात येतो. ज्या निवांत हवेने पुळण रमणीय होते तीच हवा पाण्याखालील जिवांना घातक ठरते, हे दारुण सत्य किनाऱ्यावर पहुडलेल्या पाहुण्याला दिसत नाही. वाळूवर कोणी काय करावे हे कायद्याने मीटरांत ठरविले; परंतु दहा कोस आतल्या शेतात किती खत पडावे, या प्रश्नावर तोच देश दीर्घकाळ शेतमालकांशी तडजोडी करीत राहिला. नोव्हेंबर 2024 मध्ये झालेल्या व्यापक राजकीय कराराने अडीच लाख हेक्टर नवे जंगल लावण्याचे आणि शेतजमिनीचा मोठा हिस्सा निसर्गाला परत देण्याचे ठरविले आहे. हे पाऊल विलंबाने का होईना पडले याचा मला मनःपूर्वक आनंद आहे. पण लोकांचा हक्क केवळ पाण्याच्या कडेपर्यंतच जातो की पाण्याच्या आरोग्यापर्यंत, या प्रश्नाची तड त्याच्या अंमलबजावणीतच लागावयाची आहे.

हे सारे मराठी वाचकापुढे मांडण्याचे कारण असे की, किनाऱ्यावर रेषा आखण्याचा विचार आपल्याकडेही झाला होता. 1981 साली पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून 500 मीटरांचा पट्टा बांधकामापासून मुक्त ठेवण्याची सूचना केली. तिचे पर्यवसान 1991 च्या किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत, म्हणजे सर्वांना परिचित असलेल्या सीआरझेडमध्ये, झाले. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरांपर्यंत विकासाला प्रतिबंध करण्यात आला. डेन्मार्कने आपली रेषा 100 मीटरांवरून 300 मीटरांवर मागे नेली. आपण 2019 च्या अधिसूचनेने, दाट लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर, ती 200 मीटरांवरून 50 मीटरांवर पुढे आणली. यामागे कोळीवाड्यांतील घरांचा प्रश्न होता हे मी जाणतो, आणि मच्छीमाराच्या घराला आडकाठी करणाऱ्या नियमाचा मी पुरस्कर्ता नाही. परंतु मच्छीमाराच्या निवाऱ्यासाठी दिलेली सवलत त्याच पट्ट्यात पंचतारांकित बांधकामालाही लाभावी, ही न्यायाची गोष्ट नव्हे.

किनारा स्वच्छ राखल्याबद्दल दिला जाणारा निळा ध्वज, ज्याचे प्रशासन कोपनहेगन येथील एक आंतरराष्ट्रीय प्रतिष्ठान करते, 2020 साली भारतातील आठ किनाऱ्यांना प्रथम मिळाला, आणि त्याचा गौरव झाला हे उचितच. मात्र तो ध्वज स्वच्छतेची, पाण्याच्या प्रतीची आणि सुविधांची ग्वाही देतो. सामान्य माणसाच्या वाटेची हमी त्याच्या कक्षेत येत नाही. ती हमी दस्तऐवजातूनच यावी लागते. सीआरझेडच्या नियमांनुसार किनारा व्यवस्थापनाचे नकाशे तयार करावयाचे असतात, आणि त्यांच्या प्रारूपावर जनसुनावणी घ्यावयाची असते. या नकाशांत मच्छीमारांच्या बोटी ओढण्याच्या व जाळी वाळविण्याच्या जागा, तसेच गावातून पुळणीकडे जाणाऱ्या पाऊलवाटा, त्या कोणाच्याही सातबाऱ्यातून जात असोत, स्पष्ट रेषेने दाखविल्या जाव्यात. नकाशाची मराठीतील प्रत प्रत्येक किनारी गावाच्या चावडीवर लावली जावी. आणि वाटेची वहिवाट गावाच्या नावे महसुली दप्तरात नोंदविली जावी. पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या ग्रामसभांनी हा ठराव करून तहसीलदारांकडे अर्ज दाखल करावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.