वकील नेमका कुणाचा?

‘हितसंबंधांचा संघर्ष’ हा जड शब्द गेली दहा-बारा वर्षं पेपरात सारखा डोकावतोय. क्रिकेटमुळे तो घराघरात आला. मंडळ चालवणाराच आयपीएलच्या संघाचा मालक असेल तर निर्णय कुणाच्या सोयीचे होतील? जानेवारी २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशी मुभा देणारा नियमच रद्द केला. नंतर आयसीआयसीआय बँकेच्या चंदा कोचर यांचं प्रकरण गाजलं. बँकेने कर्ज दिलेल्या उद्योगसमूहाचे त्यांच्या पतीच्या कंपनीशी संबंध होते, अशी तक्रार होती. हितसंबंधांबाबतचे बँकेचे नियम त्यांनी पाळले नाहीत, असा निष्कर्ष न्या. श्रीकृष्ण यांच्या चौकशीने जानेवारी २०१९ मध्ये काढला. (फौजदारी आरोप त्यांना मान्य नाहीत.)

या बातम्या आपण वाचतो आणि ‘मोठ्या लोकांच्या भानगडी’ म्हणून पान उलटतो. मला मात्र तसं करता येत नाही, कारण हा शब्द म्हणजे माझी रोजीरोटी आहे. मुंबईतल्या एका लॉ फर्ममध्ये मी ‘कॉन्फ्लिक्ट अॅनालिस्ट’ आहे. गावी गेलं की बायका विचारतात, ‘म्हणजे तू वकील का गं?’ नाही हो. मी नावं शोधते!

आमच्याकडे नवा पक्षकार आला की लगेच फाइल उघडत नाहीत. पक्षकार कोण, समोरची पार्टी कोण, त्यांच्या कंपन्या, संचालक, भागीदार ही सगळी नावं आधी माझ्या टेबलवर येतात. फर्मने आजवर केलेल्या कामांच्या नोंदींत मी ती तपासते. आज ज्याच्याविरुद्ध नोटीस काढायची, तोच आपल्या दुसऱ्या शहरातल्या ऑफिसचा पक्षकार तर नाही ना? काल नोकरीला लागलेला वकील जुन्या ठिकाणी समोरच्या पार्टीचं काम करत होता का? गुंता सापडला की अहवाल वरिष्ठांकडे जातो. मग काम नाकारायचं, दोन्ही पक्षांना सगळं सांगून लेखी संमती घ्यायची, की दोन टीममध्ये भिंत घालून एकीची कागदपत्रं दुसरीला दिसणार नाहीत अशी सोय करायची, हे ते ठरवतात.

या शोधात सगळ्यात जास्त वेळ कुणाची नावं खातात, सांगू? बायकांची! पुरुषाचं नाव जन्मापासून तेच. आपलं मात्र लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, काहींच्या घरी तर पहिलं नावसुद्धा बदलतं. माहेरच्या कंपनीत एका नावाने संचालक असलेली बाई सासरच्या कंपनीत दुसऱ्याच नावाने असते. त्यात इंग्रजी स्पेलिंगच्या तऱ्हा वेगळ्याच. शेवटी संचालकाचा सरकारी क्रमांक आणि पॅन उपयोगी पडतो, कारण लग्न झालं म्हणून नंबर काही बदलत नाही. कागदावर स्वतःचा माग सलग ठेवणं आपल्याला किती अवघड करून ठेवलंय, हे मला या नोकरीने दाखवलं.

मे २०२५ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परदेशी लॉ फर्म्सना काही अटींवर भारतात काम करण्याचे सुधारित नियम जाहीर केले. कोर्टात उभं राहायचं नाही, परदेशी कायद्याचा सल्ला मात्र देता येतो, अशी चौकट आहे. या फर्म्सची ऑफिसं देशोदेशी असतात, त्यामुळे नावं तपासण्याचं काम वाढेल असं मला वाटतं. पदवीधर, चिकाटीच्या मुलींना यात संधी आहे. पण पोटात गोष्ट राहायला हवी. वकिलाला सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवण्याचं बंधन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे आणि ते वकिलाच्या कारकुनांना, कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. म्हणजे मलाही. घरी नवऱ्याने ‘आज काय केलंस’ विचारलं तर ‘काम’ एवढंच उत्तर!

मोठ्या कंपन्यांसाठी एवढी चाळणी लावतात. आता आपल्या तालुक्याच्या गावी या. वडील गेले, सातबाऱ्यावर वारसांची नावं लागली, आणि भावाचा फोन येतो, ‘ताई, एक सही करायला ये, वकीलसाहेबांनी सगळं तयार ठेवलंय.’ ते असतं हक्कसोडपत्र. वकील भावाने नेमलेला, फी भावाने दिलेली, मसुदा भावाच्या सांगण्यावरून केलेला. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात ताई सही करते, फोटो काढतात, अंगठा घेतात, साडी घेऊन ताई घरी. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क २००५ च्या दुरुस्तीने दिला, सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२० मध्ये त्यावरचा संशयही दूर केला. पण त्या खोलीत हे ताईला सांगणं ज्याच्या हिताचं आहे, असा वकीलच हजर नसतो.

ताईला खुशीने हक्क सोडायचा असेल तर तिने तो जरूर सोडावा. एका वकिलाने मसुदा करणं बेकायदाही नाही. पण नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र पुढे मनात आलं म्हणून रद्द होत नाही. फसवणूक झाली किंवा दबाव होता, हे दिवाणी कोर्टात सिद्ध करावं लागतं. संमतीच्या घटस्फोटातही हेच दिसतं. ‘दोघांचा मिळून एकच वकील करू, खर्च वाचेल’, असं म्हणतात. पोटगी आणि स्त्रीधन यांचे आकडे ठरताना तो कुणाच्या बाजूने बोलणार?

नियम नाहीत असं नाही. समोरच्या पक्षाशी आपला काय संबंध आहे, हे काम घेतानाच पक्षकाराला स्पष्ट सांगणं बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलावर बंधनकारक केलंय. एखाद्या प्रकरणात एका बाजूचं काम केलं किंवा सल्ला दिला, तर त्याच प्रकरणात विरुद्ध बाजूने त्याला उभं राहता येत नाही. मोडलं तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. अडचण एवढीच की, तालुक्याला माझ्यासारखी नावं तपासणारी कुणी बसलेली नसते. तिथे ते काम आपणच करायचं.

सहीआधी सरळ विचारा, ‘वकीलसाहेब, तुम्ही माझे की दादाचे? आमच्या घरातलं कुणाचं काम आधी केलंय का?’ चांगल्या वकिलाला या प्रश्नाचा राग येत नाही. उत्तर ‘दादाचा’ असेल तर मसुद्याची प्रत मागून घ्या आणि दुसऱ्याला दाखवा. पैशाची अडचण असेल तर जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका समितीत जा. १९८७ च्या कायद्याने बाईला तिचं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फक्त या यादीतले वकीलही त्याच कोर्टात काम करणारे असतात, कधी त्याच वकीलसाहेबांचे ज्युनिअर असतात. तेव्हा तोच प्रश्न त्यांनाही विचारा, आणि गरज वाटली तर सरळ दुसरा वकील मागा.