टॉवरची सावली कुणाच्या अंगणात?

मंडळी, बरेच दिवस काही लिहिलं नाही. सध्या लेकीकडे ब्रिस्बेनला आले आहे. परवा जावईबापूंनी गोल्ड कोस्टला नेऊन तिथला ‘क्यू-१’ टॉवर दाखवला. उंची ३२२.५ मीटर! २००५ साली उघडला तेव्हा जगातली सर्वांत उंच निवासी इमारत होती. लिफ्ट मिनिटभराच्या आत ७७व्या मजल्यावर नेते. कानांना दडे बसले, पण काचेपलीकडचा निळाशार समुद्र पाहून डोळ्यांचं पारणं फिटलं. खोटं कशाला बोलू?

फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. लगेच गुहागरहून भाच्याचा निरोप : "आत्या, एवढा नाही, पण बारा मजल्यांचा आपल्या वाडीतही होईल. तू फक्त सही कर."

माहेरच्या वाडीवर एका बिल्डरचा डोळा आहे, हे नात्यातल्या वाचकांना ठाऊकच आहे. तेव्हा उत्तर इथेच देते.

बाळा, मी दुपारी तीनला वर होते. खाली पाहिलं तर वाळूवर ओळीने लांबच लांब काळे पट्टे! समुद्र पूर्वेला, टॉवर त्याच्या पश्चिमेला. त्यामुळे दुपार कलली की साऱ्या टॉवरांच्या सावल्या किनाऱ्यावर. ज्या उन्हासाठी लोक तिथे येतात, ते दोन सावल्यांच्या फटीत शोधत बसलेले दिसले. वरून देखावा तिकीट काढून बघायचा, आणि खाली फुकटचं ऊन गेलेलं!

आता आपला नकाशा बघ. आपला समुद्र पश्चिमेला. म्हणजे तुझ्या टॉवरची दुपारची सावली वाळूवर नाही, मागच्या घरांवर आणि शेजाऱ्यांच्या माड-पोफळींवर पडणार. माडाला ऊन लागतं रे! फ्लॅटचे पैसे आपल्याला आणि सावली शेजाऱ्यांना, हा कुठला न्याय?

शिवाय किनारा जागेवर राहत नाही. गोल्ड कोस्टला २०१७ साली समुद्रातून सुमारे ३० लाख घनमीटर वाळू उपसून किनाऱ्यावर आणली. मार्च २०२५च्या अल्फ्रेड चक्रीवादळाने किनाऱ्यावरची कितीतरी वाळू पुन्हा ओरबाडून नेली. त्यांच्याकडे पैसा आहे, ते परत भरतील. आपल्याकडे कोण भरणार? बिल्डर तर फ्लॅट विकून केव्हाच गेलेला असेल.

वाडीच्या उत्पन्नात भागत नाही, हे तुझं म्हणणं मला पटतं. मुलांची शिक्षणं आहेत. मग पडवीच्या बाजूला पाहुण्यांसाठी चार खोल्या बांध, घरगुती जेवण दे. त्यासाठी माझ्या पेन्शनीतून जमेल तेवढे देईन. त्या कागदावर सही मागशील तर डोळे मिटून करेन.

टॉवरच्या कागदावर मात्र नाही. रागावलास तरी चालेल.

असो. बाकीच्यांनी आपलं मत जरूर कळवावं, विरोधातलं असलं तरी!