सरावाचे तास कोण देणार?

जन्मलेले मूल रडले नाही, तर पहिले मिनिट निर्णायक असते. शंभरांतील सुमारे दहा अर्भकांना श्वास सुरू होण्यासाठी काही ना काही मदत लागते. बहुतेकांना अंग कोरडे करून पाठ चोळणे पुरते. थोड्यांना अंबू बॅगने हवा द्यावी लागते. औषधांपर्यंत पाळी क्वचितच येते. म्हणजे प्रश्न महागड्या यंत्रांचा नसून परिचारिकेच्या हाताचा आहे, आणि हात सरावानेच घडतो.

२००५-०६ मध्ये देशातील ३८.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यांत होत; २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर गेले. जननी सुरक्षा योजनेने गरीब स्त्रीला दवाखान्याच्या दारी आणले, हे योग्यच झाले. परंतु त्याबरोबर तिच्या मुलाच्या श्वासाची जबाबदारीही शासनावर आली. २००९ साली नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू झाला. प्रशिक्षण दोन दिवसांचे, अखेरीस प्रमाणपत्र. तिसऱ्या दिवसापासून काय?

महिन्याला दहा बाळंतपणे होणाऱ्या आरोग्य केंद्राचा हिशेब करून पाहावा. तेथे बॅग हाती घेण्याचा प्रसंग वर्षातून चार-सहा वेळा येणार, आणि तो तीन-चार परिचारिकांत विभागला जाणार! शिकलेले कौशल्य काही महिन्यांत ओसरते, ही गोष्ट आता वादाची राहिलेली नाही. टांझानियातील हेडम येथील रुग्णालयात २०१० मध्ये एक दिवसाचे प्रशिक्षण झाले. पुतळ्यावरील परीक्षेत सर्वांची प्रगती दिसली. प्रत्यक्ष प्रसूतिगृहात मात्र कामाची पद्धत फारशी बदलली नाही. पुढे कामाच्या जागीच थोडा थोडा, पण वारंवार सराव सुरू झाला, तेव्हा पहिल्या चोवीस तासांतील अर्भकमृत्यू घटले. इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने ३९ गावांत अल्पशिक्षित स्त्रियांच्या हाती हीच बॅग दिली आणि त्यांनी मुले वाचवली. त्यांच्यामागे नियमित देखरेख होती.

मग सरकारी केंद्रात हे का होत नाही? कारण अर्थखात्याच्या वहीत यंत्र ही मालमत्ता असते आणि परिचारिकेचा तास हा केवळ खर्च. खरेदीत ठेकेदाराला रस असतो. दहा मिनिटांच्या सरावात कोणाचेच कमिशन नाही. पदे रिक्त ठेवायची, उरलेल्यांना कंत्राटावर राबवायचे, प्रशिक्षित परिचारिकेला प्रसूतिगृहातून हलवायचे, आणि मूल दगावले की स्पष्टीकरण तिलाच मागायचे, अशी ही नीती आहे. 'परिचारिका निष्काळजी असतात' हे मध्यमवर्गीय सुभाषित याच नीतीच्या सोयीचे आहे.

सरावाचा पुतळा जिल्ह्याच्या कपाटात नव्हे, प्रसूतिगृहात हवा. पाळी बदलताना होणारा सराव कामाच्या तासांत मोजला गेला पाहिजे आणि त्यासाठी रिक्त पदे भरली पाहिजेत. परिचारिकांच्या संघटनांनी वेतनश्रेणीइतक्याच आग्रहाने ही मागणी मांडावी. रुग्ण कल्याण समित्यांवर असलेल्या कार्यकर्त्यांनी पुढच्या बैठकीत एवढेच विचारावे: पुतळा कोठे आहे, आणि त्यावर शेवटचा हात कोणी व केव्हा चालवला?